पक्क्या रंगाचा दोरा

६ फेब्रुवारी, सोमवार

खिडकीचं बाळ आज गेलं.

सकाळी कामावर गेले तेव्हा ते दूध घेत नाही एवढंच कळलं. दुपारच्या जेवणाआधी सगळं संपलं होतं. काल संध्याकाळी मी स्वतः त्याला वाटी-चमच्याने पाजलं होतं. चमचा ओठाला लागला की जीभ बाहेर काढायचं. आमच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, रक्तात जंतू गेले. कुठून गेले ते कळत नाही. काचेच्या पेटीत ठेवलेलं एवढंसं बाळ, हात धुतल्याशिवाय कोणी शिवायचं नाही, आणि त्याच्या रक्तात जंतू जातात. माझी मती गुंग झाली आहे.

आमच्याकडे अपुऱ्या दिवसांची बाळं असतात. त्यांच्या आयांना नावाने कोणी हाक मारत नाही. बाळ जिथे ठेवलंय त्यावरून ओळखायचं. दारची आई, नळाची आई, खिडकीची आई. मला सगळे मावशी म्हणतात. वाट्या-चमचे उकळणं, दुपटी बदलणं, सुई टोचताना बाळ धरणं ही माझी कामं. आणि आया भेटायला येतात तेव्हा दारात उभं राहायचं. हे काम सिस्टरनी मुद्दाम मला दिलं, कारण मी कोणाची भीड ठेवत नाही. माझं एकच वाक्य. "हात दाखवा." नख वाढलेलं असो, बांगडी, अंगठी, घड्याळ, काही असो, काढल्याशिवाय आत पाऊल टाकू देत नाही. एका वकिलीणबाईंना मी परत पाठवलं होतं, नखाचा रंग काढून या म्हणून.

खिडकीची आई पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या मनगटात एक बारीक बांगडी होती. तिच्या गेलेल्या आईची. मुलगी असताना घातलेली, पुढे मनगट भरलं आणि ती निघेनाशी झाली. मी म्हटलं, मग बाळाला काचेबाहेरून बघा. तिने साबण चोळून, ओठ चावत ती काढली. मनगट सोलवटलं. बांगडी ट्रेमध्ये ठेवताना तिची नजर माझ्या बोटातल्या अंगठीकडे गेली.

"मावशी, तुमची?"

"ती निघत नाही," मी म्हटलं.

ती बाळाकडे गेली.

आज जाताना ती बांगडी न्यायला विसरली. कागदात गुंडाळून माझ्या दवाखान्यातल्या कपाटात ठेवली आहे. एवढ्या दुःखात कोणाला बांगडी आठवते.

८ फेब्रुवारी, बुधवार

हे असते तर परवाच सगळं बोलून मोकळी झाले असते. आता ही डायरी. औषधकंपनीचा माणूस दरवर्षी डॉक्टरांना देतो, त्यांच्याकडून सिस्टरकडे, सिस्टरकडून माझ्याकडे येते. लेक म्हणते, बोलायला कोणी नाही तर लिही. लिहिते.

मला वाचता येतं ते ह्यांच्या दुकानामुळे. हे शिंपी. माप घेतलं की आधी रद्दीचा कागद कापायचे, मग कापड. मी खाली बसून ते कागद जुळवत अक्षरं लावायला शिकले. बातमी ऐन रंगात आली की तिथे बाही संपलेली असायची. अर्धं जग मला काखेच्या आकारात कापलेलं माहीत आहे, असं मी म्हणायची आणि हे हसायचे. पुढे मग मिळेल ते वाचत गेले. औषधांच्या खोक्यातले कागदसुद्धा मी शेवटपर्यंत वाचते.

आज प्रयोगशाळेतून एक बाई आल्या. उंच, हडकुळ्या, बोलायचं काम नाही. कापूस लावलेल्या काड्या घेऊन त्यांनी आधी सगळे नळ पुसले. तोंडात, खाली, मागे. सिस्टरनी लगेच नाव ठेवलं, नळवाली. मग त्यांनी साबणाच्या बाटल्या, पेट्यांच्या कडा, दुधाचं भांडं, सगळीकडे काड्या फिरवल्या. जंतू ओल धरून राहतात, त्या म्हणाल्या, जिथे कायम ओलं असतं तिथे शोधायचं. मी त्यांना आमच्या मोरीचा जाळीचा कोपरा दाखवला. त्या खूश झाल्या असाव्यात. चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

नळाच्या बाळाला परवापासून ताप आहे. त्याच्याही रक्तात तेच असावं, असं डॉक्टरबाईंना वाटतं.

बोटाला पुन्हा खाज सुटली आहे. अंगठीखाली कातडी पांढरी, मऊ पडते. दिवसभर पाण्यात हात, दुसरं काय होणार. घरी आले की पावडर लावते.

११ फेब्रुवारी, शनिवार

घाईत लिहितेय. अक्षर वेडंवाकडं येईल.

लेकीला आज सकाळी कळा सुरू झाल्या. सातवा संपायला अजून अवकाश होता. जावई तिला घेऊन आमच्याच दवाखान्यात आला, दुसरीकडे जायला वेळच नव्हता. मुलगी झाली. माझ्या तळहातावर मावेल एवढी. रडली, पण मांजरीच्या पिलासारखी.

डॉक्टरबाई बाहेर आल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या की विभागात नवं बाळ घेणं थांबवायचं कालच ठरलं होतं. पण मोठ्या दवाखान्यात जागा नाही आणि एवढ्या लांबचा प्रवास हिला झेपणार नाही. दूरचा कोपरा रिकामा करून तिथे ठेवू. मी मान हलवली. ज्या खोलीतून मागच्या सोमवारी एक बाळ गेलं त्याच खोलीत माझी नात.

लेक पलंगावर पडून होती. तिने माझा हात धरला. अंगठीवरून अंगठा फिरवत राहिली. बाबांची आठवण आली की ती तसं करते. "आई, तू आहेस ना तिथं," म्हणाली.

मी म्हटलं, मी आहे.

१२ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी होती, तरी गेले. सिस्टर म्हणाल्या, आता तू मावशी नाहीस, कोपऱ्याच्या आईची आई आहेस, काचेबाहेर उभी राहा. पाच मिनिटांनी त्यांनीच आत घेतलं. त्या तशाच आहेत. तोंडाने फटकळ, आतून लोणी.

ह्यांचं झालं तेव्हाही त्यांनीच सांभाळून घेतलं होतं. तेराव्या दिवसानंतर मी कामावर आले ती अंगठी घालून. साधी पोलादी अंगठी, किंमत काही नाही. ह्यांच्या बोटात लग्नापासून होती. शेवटच्या आजारात बोटं वाळली, अंगठी गळून मशीनखाली जायची, म्हणून ह्यांनी आतल्या बाजूने निळा दोरा गुंडाळला. शिंप्याचा हात. इतका एकसारखा गुंडाळला की टोक सापडत नाही. ते गेल्यावर मी घातली, तर मापात बसली. जणू माझंच माप घेतलं होतं. सिस्टरनी पाहिलं. नियम त्यांनाही माहीत, मलाही माहीत. त्या म्हणाल्या, राहू दे, कोणी विचारलं तर निघत नाही म्हणून सांग. तेव्हापासून कोणी विचारत नाही. डॉक्टरबाईसुद्धा नजर वळवतात. माणसं चांगली आहेत.

दोऱ्याचा रंग वर्षभर पाण्यात राहून जरासुद्धा उतरलेला नाही. पक्क्या रंगाचाच दोरा घ्यायचे हे.

आज नातीला मी पाजलं. लेकीचं दूध, मोजून काही थेंब. एका वेळी चमच्याच्या टोकावर मावेल एवढंच. प्यायली.

१५ फेब्रुवारी, बुधवार

नळवालींचा निकाल आला. नळ स्वच्छ, साबण स्वच्छ, दुधाचं भांडं स्वच्छ. मोरीचा कोपरासुद्धा स्वच्छ निघाला, त्याचा मला थोडा अपमानच वाटला. नळाचं बाळ अजून तापातच आहे आणि दारच्या बाळाचं पोट फुगलंय. म्हणजे तिसरं. तिघांच्या रक्तात एकच जंतू.

मला जे वाटत होतं ते आज सिस्टरना सांगून टाकलं. आमचा सफाईवाला बाहेरच्या ओट्यावरचा पोछा आत आणतो. मी दोनदा पाहिलंय. बरीच वर्षं काम करतो, पण आळशी आहे आणि वर तोंड करून बोलतो. सिस्टरनी त्याला वरच्या मजल्यावर पाठवलं. जाताना म्हणाला, मावशी, दुसऱ्याच्या पोछ्याकडे बरं लक्ष तुमचं. मी म्हटलं, आमच्याकडे बाळं आहेत बाबा, दिवाणखाना नाही.

जावयालाही दारातून परत पाठवलं. करंगळीचं नख वाढवलंय. पोरगी बघायला आसुसलेला माणूस, पण नियम म्हणजे नियम. तो बाहेरच्या टपरीवरून ब्लेड आणून पायऱ्यांवर बसून नख कापून आला. म्हणाला, सासूबाई, लग्नाच्या वेळीसुद्धा एवढी तपासणी झाली नव्हती. सगळ्या आया हसल्या. फार दिवसांनी त्या दारात कोणी हसलं.

नात चांगली आहे. मी मध्ये मध्ये तिच्याकडे जातेच. दुपटं सरळ करते, पाय चोळते. काम संपलं तरी पाय निघत नाही.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज नळवालींनी सगळ्यांचे हात तपासले. डॉक्टरबाई, सिस्टर, आम्ही सगळे रांगेत. एका गोल ताटलीत खळीसारखं काहीतरी थापलेलं असतं, त्यावर बोटं टेकवायची. मोठे डॉक्टरही आले होते आणि त्यांची बोटं टेकवताना सगळे गंभीर. परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखं.

माझी पाळी आली. नळवाली म्हणाल्या, "अंगठी काढा."

मी म्हटलं, निघत नाही. सिस्टर मध्ये पडल्या, की मावशींच्या मालकांची आहे, राहू दे. नळवालींनी सिस्टरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग एक बारीक काडी घेऊन अंगठीच्या खाली, दोऱ्यावरून, सगळीकडून फिरवली. गुदगुल्या झाल्या. काडीला ओल लागली होती, ती त्यांनी उजेडात धरून पाहिली.

मला वाईट वाटलं. ह्यांच्या दोऱ्यावरून परक्या बाईने काडी फिरवावी. पण त्यांचं काम आहे ते. माझे हात मी दिवसातून किती वेळा धुते याचा हिशेब नाही, मला कसली काळजी. पोछ्यावरूनही काडी फिरवा, एवढं सांगायला विसरले नाही.

१९ फेब्रुवारी, रविवार

नात दूध घेत नाही.

काल संध्याकाळी मी पाजलं तेव्हा घेतलं होतं.

चेहरा राखेसारखा. छातीखाली खळगा पडतोय. श्वास घेते, मग थांबते, मग पेटीवर टिचकी मारावी लागते. डॉक्टरबाईंनी रक्त काढलं. मी तिला धरलं होतं. सुई टोचली तरी रडली नाही. खिडकीचं बाळही शेवटी रडत नव्हतं.

लेक पलंगावरून माझ्याकडे बघते. मी तिथे आहे म्हणाले होते, एवढंच तिच्या डोळ्यांत.

२० फेब्रुवारी, सोमवार

तसंच आहे. औषध बदललं. जावई पायऱ्यांवर बसून आहे. मी दारात उभी राहिले, प्रत्येकीला हात दाखवा म्हणाले.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

काय झालं ते क्रमाने लिहिते. नाहीतर डोकं ठिकाणावर राहणार नाही.

मला मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत बोलावलं. वाटलं, नातीचं काहीतरी सांगणार. खुर्ची पुढे केली तेव्हा तर खात्रीच झाली. मी म्हटलं, आधी एवढंच सांगा, आहे ना. डॉक्टरबाई म्हणाल्या, आहे, आहे, मावशी, ते नाही.

मग नळवाली बोलल्या. सरळ, आवाज न चढवता. नळाच्या आणि दारच्या बाळाच्या रक्तात जो जंतू आहे तोच एका ठिकाणी सापडला, खिडकीच्या बाळाच्या कागदावरही तोच होता, आणि तुमच्या नातीच्या रक्तातही काल तोच निघाला. मी विचारलं, कुठे सापडला. माझ्या मनात अजून पोछाच.

"तुमच्या अंगठीच्या दोऱ्यात."

मी हसले. खरंच हसले, देवाशपथ. म्हटलं, मी तर सारखी हात धुते. त्या म्हणाल्या, हात धुतले जातात, दोरा धुतला जात नाही. वर साबण, आत ओल. कधी वाळतच नाही. तुम्ही हात धुता तेव्हा तोही भिजतो आणि त्यातलं पाणी पुन्हा बोटांवर उतरतं. तुम्ही जितकं जास्त धुतलंत तितका तो ओला राहिला.

खोलीत पंखा चालू होता. माझ्या कानात फक्त पंखा. मला वाटलं, ह्या बाई दुसऱ्या कोणाबद्दल बोलत आहेत. हा हात माझा, मांडीवर ठेवलेला, आणि मला तो तिथून उचलून दुसरीकडे ठेवावासा वाटत होता. कुठे ठेवणार.

सिस्टर रडायला लागल्या. म्हणाल्या, मी परवानगी दिली होती, निघत नाही म्हणून सांग असं मीच शिकवलं. डॉक्टरबाई खाली बघत होत्या. मोठे डॉक्टर म्हणाले, आपल्या सगळ्यांना दिसत होती. कोणी बोललं नाही.

नळवालींनी हातमोजे घातले आणि कात्री आणली. अंगठी खरंच निघत नाही का, त्यांनी विचारलं. मी ओढली. निघाली. दोरा भिजून मऊ झाला होता, एका झटक्यात बाहेर आली. एवढी सोपी.

दोरा कापताना मी पाहिलं. वरून निळा होता. आत काळपट, बुळबुळीत. बोळा करून त्यांनी काचेच्या नळीत टाकला, बूच लावलं, वर चिठ्ठी चिकटवली. ह्यांच्या हातचं शेवटचं काम. मी ते परत मिळेल का, असं विचारणार होते. विचारलं नाही. माझी मलाच लाज वाटली, की हे विचारावंसं वाटलं.

२२ फेब्रुवारी, बुधवार

मला विभागात जायला मनाई आहे. घरी बसा म्हणाले. पगार चालू राहील म्हणाले.

नात अजून आहे.

हातांचं काय करू ते कळत नाही. चहा केला आणि तो कोणाला द्यायचा नव्हता म्हणून बरं वाटलं.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

लेकीला मीच सांगायचं ठरवलं. जावई म्हणत होता, आत्ता नको, ती बरी होऊ दे, पोर बरी होऊ दे. पण कोणीतरी सांगणारच. आमच्या दवाखान्यात कपबशीलाही कान आहेत.

ती पलंगावर बसून दूध काढत होती, नातीसाठी. मी जवळ गेले नाही, भिंतीशी उभी राहिले आणि सांगितलं. जसं मला सांगितलं तसंच, काही न वगळता. तिने दुधाची वाटी आधी नीट बाजूला ठेवली. मग माझ्या हाताकडे पाहिलं. बोटावर आता पांढरा पट्टा आहे, पट्टीने आखल्यासारखा.

"बाबांचा दोरा?" ती म्हणाली.

मी मान हलवली.

"मी त्यावरून हात फिरवायची. आणि मग तिच्याकडे जायची."

तोपर्यंत मला हे सुचलंच नव्हतं. मी म्हटलं, तू हात धुवायचीस. तिने तोंड फिरवलं. म्हणाली, आई, तू आता जा.

मी गेले.

२८ फेब्रुवारी, मंगळवार

ताप उतरला म्हणून जावयाने कळवलं. कालपासून श्वास थांबत नाही. दूध सुरू केलंय. नळाचं बाळही सावरतंय, दारच्या बाळाचं पोट उतरलं. नवं कोणी आजारी पडलेलं नाही. अंगठी निघाल्यापासून कोणीच नाही. हे ऐकून आनंद व्हायला हवा. होतो. आणि त्या आनंदाच्या पोटात जे आहे ते मला गिळता येत नाही.

नळवाली भेटल्या. मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, वर्षभरात आजारी पडलेल्या बाळांचे जुने कागद काढून बघतोय. किती निघाले, ते मी विचारलं नाही.

अंगठी परत दिली, उकळून, पिशवीत घालून. घरी येऊन बोटात घालून पाहिली. गळून पडली. मशीनच्या खणात त्याच निळ्या दोऱ्याचं रीळ अजून आहे. अंगठी त्याच्याशेजारी ठेवली आणि खण लावला.

४ मार्च, शनिवार

दवाखान्यात सही करायला गेले होते. जिन्यात सफाईवाला भेटला. पोछा टेकवून उभा राहिला. मला वाटलं, आता ऐकवणार, आणि ऐकवावंच असं वाटत होतं. तो एवढंच म्हणाला, पोछा स्वच्छ निघाला म्हणे. मी म्हटलं, हो, माझं चुकलं. तो म्हणाला, बसा जरा, तुमचा चेहरा बरा दिसत नाही. आणि बादली उचलून वर गेला. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर सोपं झालं असतं.

९ मार्च, गुरुवार

खिडकीची आई आली होती.

मी सिस्टरच्या खोलीबाहेर बाकावर होते. मोठ्या डॉक्टरांनी त्या नवराबायकोला बोलावून सगळं सांगितलं, ते मला माहीत होतं. कोणाचं नाव घेतलं नाही म्हणे. एका कर्मचारी बाईंची अंगठी, एवढंच. नाव कशाला लागतं.

तिने सिस्टरना बांगडीबद्दल विचारलं. बांगडी माझ्या कपाटात. मी जाऊन आणली. कागदासकट तिच्या हातात देणार, तर माझा हातच पुढे होईना. मी ती बाकावर ठेवली आणि मागे सरले. तिने कागद सोडवला. बांगडी घातली नाही, मुठीत धरली. मनगटावरचं सोलवटलेलं आता भरून आलंय, तिथे जरा गुलाबी दिसतं.

मग ती म्हणाली, "मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो," मी म्हटलं. "विचारलं होतंत."

"तुम्ही म्हणालात, निघत नाही."

"निघत होती."

तिने रडावं, ओरडावं, मला धरून हलवावं, मी कशालाही तयार होते. ती एवढंच म्हणाली, माझीही निघत नव्हती. आणि गेली. जिन्यावरून तिची पावलं खालपर्यंत ऐकू आली.

घरी येऊन मी जेवले. भांडी घासली. मग स्वयंपाकघरात जमिनीवर बसले ती उठवेना. ह्यांना हाक मारायची सवय आहे, मनातल्या मनात. आज मारली नाही. ह्यांचा काय दोष, ते बिचारे अंगठी हरवू नये म्हणून दोरा गुंडाळत होते. मला हरवायचं नव्हतं. कोणालाच काही हरवायचं नव्हतं. आणि ती सांभाळत बसले तोवर एका आईचं बाळ गेलं.

१३ मार्च, सोमवार

सिस्टरनी दारावर नवा नियम लावला. डॉक्टर असो, आई असो, कोणी असो, ज्याच्या त्याच्या हाताकडे दुसऱ्याने बघायचं आणि बोलायचं. गप्प बसणाराही बाहेर. त्यांच्या स्वतःच्या बोटातली खड्याची अंगठी गेली आहे. मी कधी लक्षच दिलं नव्हतं तिच्याकडे.

मला कपड्यांच्या खोलीत काम दिलंय, घड्या घालायचं. दारात कोणीतरी दुसरी उभी असते. ती फार हळू बोलते. मी तिला सांगितलं, जोरात विचारायचं, लाजायचं नाही, आणि कोणी दुःखात आहे म्हणून सोडायचं नाही. ती म्हणाली, दुःखातल्या माणसाला हात दाखवा असं कसं म्हणायचं. मी म्हटलं, त्यालाच आधी म्हणायचं.

१९ मार्च, रविवार

नात घरी आली. लेकीच्या घरी, माझ्या नाही. मी जाणार नव्हते. जावयाचा निरोप आला, की तुम्हाला बोलावलंय. कोणी बोलावलंय ते त्याने सांगितलं नाही.

दारात चपला काढल्या आणि तिथेच उभी राहिले. लेक आतल्या खोलीत, पोर मांडीवर. गाल जरा वर आलेत. केस कपाळावर चिकटलेले, ह्यांच्यासारखे. मी लांबूनच बघून घेतलं. एवढ्यावर परत जायचं, असं मनाशी ठरवलेलं होतं.

लेकीने मान वर केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच सरळ बघितलं. चेहऱ्यावर राग होता. तो गेलेला नाही, आणि लवकर जाणारही नाही. मीच वाढवलंय तिला, मला माहीत आहे.

"हात दाखव," ती म्हणाली.

मी मोरीत गेले. धुतले. कोपरापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत, नखांच्या खाली. पांढरा पट्टा होता तिथे जास्त. पुसले, वाळू दिले. मग तिच्यासमोर दोन्ही हात धरले. तळवे. मग उलटे. तिने वाकून एकेक बोट पाहिलं, मी आयांची पाहायची तसं. अंगठीच्या बोटापाशी जरा थांबली.

मग पोर माझ्या हातांवर ठेवली. ठेवली, पण स्वतःचे हात काढून घेतले नाहीत. माझ्या हातांखाली तिचे तसेच राहिले.